चुन्याविषयीचे समज आणि गैरसमज

चुना हा चुनखडीचा दगड भाजून मिळणारा पांढरा व दाहक पदार्थ आहे. बांधकाम, सफेदी, विड्याचे पान, उसाच्या रसाची शुद्धी, पिण्याच्या पाण्यावरील प्रक्रिया अशा अनेक ठिकाणी तो वापरला जातो. मराठी घराला तो इतका परिचित आहे की त्याच्याविषयी प्रश्न सहसा विचारले जात नाहीत, आणि विचारलेच तर मिळणारी उत्तरे बहुधा ऐकीव असतात. त्यांपैकी काही उत्तरे केवळ गमतीची आहेत, परंतु किमान एक उत्तर असे आहे की त्यापायी दृष्टी जाऊ शकते.

यवतमाळ जिल्ह्याच्या वणी तालुक्यातील राजूर हे गाव कोळशाची खाण आणि चुनाभट्ट्या यांसाठी ओळखले जाते. दगड भट्टीत जातो, कळी होऊन बाहेर येते आणि पाणी पडताच ती उकळू लागते, हे दृश्य अशा गावातील मुलांच्या नित्य पाहण्यातले असते. त्यामुळे चुन्याविषयीचे प्रश्न समजून घेण्यासाठी राजूरपासून आरंभ करणे सोयीचे ठरते.

नाव आणि नावातील घोटाळा

‘चुना’ हा शब्द संस्कृत ‘चूर्ण’ या शब्दावरून आला आहे. बोलण्यात मात्र या एका शब्दाने तीन निरनिराळे पदार्थ ओळखले जातात, आणि बहुतेक गैरसमजांचे मूळ येथेच आहे. पहिला पदार्थ म्हणजे चुनखडी, अर्थात कॅल्शियम कार्बोनेट. हा निरुपद्रवी दगड हातात घेतला तरी काही होत नाही. दुसरा कळीचा चुना, म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड. हा पाण्याचा भुकेला असतो व पाणी मिळताच तापतो. तिसरा विरलेला चुना, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. पानाच्या डबीत, सफेदीच्या बादलीत आणि तंबाखूबरोबरच्या पुडीत असतो तो हाच. तो पाण्याने तापत नाही, पण तीव्र अल्कधर्मी असल्यामुळे कातडीला व डोळ्याला जाळतो.

जुन्या गवंड्यांच्या भाषेत चुनखडी, कळी आणि विरलेला चुना हे शब्द काटेकोरपणे वेगळे वापरले जात. शहरी बोलण्यात हा भेद पुसट झाला असून त्याची जागा एका ढोबळ ‘चुन्या’ने घेतली आहे. भाषेतील हे नुकसान लहान वाटले तरी पुढील विवेचनात त्याचा परिणाम वारंवार दिसेल.

दगडापासून कळीपर्यंत

वर्धा नदीच्या खोऱ्यात गोंडवन काळातील खडकांत दगडी कोळसा आहे आणि त्याच परिसरात चुनखडीचे थरही आहेत. भाजायचा दगड आणि भाजण्याचे इंधन इतक्या जवळ मिळणे हा चुन्याच्या धंद्याला मोठाच आधार होय. पारंपरिक उभ्या भट्टीत दगडाचे तुकडे व कोळसा यांचे थर आलटून पालटून वरून भरतात आणि तयार झालेली कळी खालून काढतात. सुमारे ९०० अंश सेल्सिअस तापमानाला दगडातील कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो. शुद्ध चुनखडी १०० किलो घेतली तर ५६ किलो कळी उरते व ४४ किलो वायू हवेत जातो. तुकड्याचा आकार मात्र बराचसा तसाच राहतो, म्हणून भाजलेला दगड हातात घेणाऱ्याला तो आश्चर्यकारकरीत्या हलका लागतो. तो ‘पोकळ झाला’ असे म्हटले जाते, आणि हे म्हणणे बव्हंशी खरे आहे, कारण निघून गेलेल्या वायूच्या जागी असंख्य सूक्ष्म छिद्रे राहिलेली असतात.

भट्टीचा वायू म्हणजे केवळ कोळशाचा धूर, असा एक समज आढळतो. वरील ४४ किलोंचा वायू हा दगडाचा आहे. इंधन कितीही स्वच्छ वापरले तरी तो निघणारच, व कोळशाचा वायू त्याहून वेगळा. थंडीच्या रात्री उबेसाठी भट्टीलगत झोपणे प्राणघातक ठरू शकते ते यामुळेच. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो आणि अर्धवट जळलेल्या कोळशातून येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग वा वास काहीच नसतो. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात चुनाभट्ट्यांच्या उबेला झोपलेली निराश्रित माणसे सकाळी मृतावस्थेत सापडल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत.

पाणी पडताच कळी का उकळते?

कळीवर पाणी ओतले की काही क्षणांत ती तडकते, फुलते, वाफा निघतात आणि पाणी खदखदू लागते. चूल नाही, विस्तव नाही, तरीही पाणी उकळते. याचे सर्वांत प्रचलित उत्तर असे की भट्टीतला अग्नी दगडात शिरून बसलेला असतो व पाण्याने तो बाहेर पडतो.

हे उत्तर अडाणीपणाचे आहे असे समजण्याची घाई करू नये. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातील विद्वानही नेमके हेच मानत असत. भट्टीतील कोणतेतरी अग्निद्रव्य दगडाला चिकटते आणि त्यामुळे तो दाहक होतो, अशी त्यांची उपपत्ती होती. स्कॉटलंडमधील जोसेफ ब्लॅक या वैद्याने १७५६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत तराजूचा आधार घेऊन तिचे खंडन केले. दगडात काही शिरले असते तर त्याचे वजन वाढायला हवे होते, पण ते घटते. म्हणजे दगडाने काही घेतलेले नसून काही गमावलेले आहे. जे गमावले त्या वायूला ब्लॅकने ‘स्थिर हवा’ म्हटले आणि आज आपण त्याला कार्बन डायऑक्साइड म्हणतो. साध्या वजनकाट्याने एक मोठी कल्पना मोडीत निघाल्याचे हे उदाहरण रसायनशास्त्राच्या इतिहासात महत्त्वाचे मानले जाते. शालेय पुस्तकांत त्याला आणखी जागा मिळायला हवी होती.

मग उष्णता येते कोठून? कळी व पाणी यांचा संयोग होऊन विरलेला चुना तयार होतो, आणि या संयोगातच उष्णता बाहेर पडते. एक किलो शुद्ध कळी पूर्ण विरताना सुमारे १,१५० किलोज्यूल उष्णता निघते. तेवढ्या उष्णतेने साडेतीन लिटर पाणी २५ अंशांपासून उकळीपर्यंत नेता येईल. प्रत्यक्ष संयोगासाठी मात्र एका किलोला जेमतेम ३२० ग्रॅम पाणी पुरते. यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. पाणी भरपूर असेल तर उष्णता त्यात पसरते व चुना कोमट राहतो. पाणी थोडे असेल तर तीच उष्णता थोड्या जागेत कोंडते आणि तापमान उकळबिंदूच्याही वर जाते. कळी भरलेल्या ट्रकवर पावसाची सर आली किंवा गळक्या छपराखाली कळीची पोती ठेवली, तर गोणपाट वा गवत पेट घेऊ शकते, ते यामुळे. पाण्याने आग लागते हे ऐकायला विचित्र वाटते, पण कळीची वाहतूक ताडपत्रीखाली करण्यामागे हेच कारण आहे.

भट्टीतल्या अग्नीच्या कल्पनेत तथ्याचा अंश आहे, हेही सांगितले पाहिजे. एक किलो कळी तयार करताना दगडातील वायू सोडवण्यासाठी सुमारे ३,२०० किलोज्यूल ऊर्जा खर्च होते. त्यांतील १,१५० विरताना परत मिळतात. उरलेल्या सुमारे २,००० किलोज्यूल पुढे भिंतीवरचा चुना हवेतील वायू शोषून पुन्हा दगड होताना, इतक्या संथपणे परत येतात की कोणाच्या लक्षातही येत नाही. भट्टीची ऊर्जा नाहीशी होत नाही हे खरे, पण ती दगडात दडलेल्या अग्नीच्या रूपाने नसते.

डोळ्यात चुना गेल्यास

वरील सर्व विवेचनाचा जिवाशी संबंध येतो तो येथे. ‘चुन्याला पाणी लागले की तो उकळतो, म्हणून डोळ्यात चुना गेला तर पाणी घालू नये’ असा समज अनेक ठिकाणी आढळतो. पाण्याऐवजी तूप, तेल, दूध किंवा मध घालण्याचा सल्ला दिला जातो. कळीचा गुणधर्म विरलेल्या चुन्याला लावल्यामुळे झालेली ही चूक आहे, आणि तिची किंमत फार मोठी असते.

पानाच्या डबीतील किंवा पुडीतील चुना आधीच विरलेला असतो. पाण्याने व्हायचे ते सर्व होऊन गेलेले असल्याने पाणी घातल्यावर तो आणखी तापत नाही. तो डोळ्याला जाळतो ते उष्णतेने नव्हे, तर अल्कतेमुळे. चुन्याच्या निवळीचा सामू १२.४ च्या आसपास असतो, तर अंगाच्या साबणाचा साधारणतः ९ ते १० असतो. सामूच्या मापात एकेक अंकाने अल्कता दहापट वाढते, हे लक्षात घेतले म्हणजे या फरकाची कल्पना येईल. अल्कली पेशींच्या स्निग्ध आवरणाचा साबण करीत आत शिरत जाते. त्यामुळे डोळ्याच्या बाबतीत ती पुष्कळदा आम्लापेक्षाही अधिक नुकसान करते. चुन्याचे कण पापणीखाली चिकटून राहतात आणि तेथून अल्क झिरपत राहते. म्हणूनच दर मिनिटाला महत्त्व आहे.

करायचे ते एवढेच. डोळा चोळू न देता, पापण्या बोटांनी उघड्या धरून, नळाच्या संथ धारेने किंवा तांब्याने स्वच्छ पाणी किमान अर्धा तास सतत सोडावे. दिसणारे कण ओल्या कापसाच्या बोळ्याने अलगद काढावेत. त्यानंतर ताबडतोब नेत्रतज्ज्ञाकडे जावे, आणि वाटेतही धुणे चालू ठेवता आले तर ठेवावे. स्वच्छ पाण्याच्या शोधात वेळ घालवण्यापेक्षा पिण्याचे जे पाणी हाताशी असेल ते वापरावे. आम्लाने अल्कली मारण्याच्या हेतूने लिंबाचा रस घालणे हा जखमेवर दुसरी जखम करण्याचा प्रकार होय.

कोरडी कळी अंगावर पडल्यास क्रम थोडा बदलतो. आधी कोरड्या फडक्याने वा हाताच्या झटक्याने भुकटी झाडून टाकावी, चुना लागलेले कपडे काढावेत, आणि मग पाणी टाकावे. ते शिंपडायचे नसून भरपूर ओतायचे असते, कारण थोड्या पाण्याने कळी तापते तर पुष्कळ पाण्याने तिची उष्णता वाहून जाते. डोळ्यात कळीचा कण गेला असेल तरी पाणी हाच उपाय आहे, कारण अश्रूंचे थोडे पाणी डोळ्यात असतेच व कण तेथे तापायला लागलेलाच असतो.

तंबाखूसाठी विकल्या जाणाऱ्या चुन्याच्या लहान प्लॅस्टिक पुड्या हा या दृष्टीने विशेष धोक्याचा पदार्थ आहे. खेळता खेळता मूल पुडी दाबते, ती फुटते आणि आतला चुना थेट चेहऱ्यावर उडतो. अशा अपघातांत मुलांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाल्याचे भारतीय नेत्रवैद्यकांनी वेळोवेळी नोंदवले आहे. आजोबांची चंची मुलांच्या हाती खेळणे म्हणून देऊ नये. मैदानावर रेषा आखण्यासाठी टाकल्या जाणाऱ्या फक्कीबाबतही हीच दक्षता हवी. ती खडूची भुकटी असेल तर निर्धोक असते, पण विरलेल्या चुन्याची असेल तर घामाने ओल्या झालेल्या गुडघ्यांना आणि धुळीबरोबर डोळ्यांना त्रास देते. कबड्डीसारख्या अंगाला माती लागणाऱ्या खेळात हा फरक शाळांनी पाहायलाच हवा.

भिंतीवरचा चुना

सफेदीचा हात दिल्यावर भिंत आरंभी फिकट, जवळजवळ पारदर्शक दिसते व वाळल्यावर पांढरीशुभ्र होते. नवशिका माणूस म्हणूनच जाड थर देतो आणि पुढे पापुद्रे निघतात. ओल्या थरात चुन्याच्या कणांमधील जागा पाण्याने भरलेली असते, त्यामुळे प्रकाश फारसा न विखुरता आरपार जातो. पाणी उडाले की तेथे हवा येते, प्रकाश सर्व दिशांना विखुरतो व पांढरा रंग दिसू लागतो. ओले कापड गडद दिसते त्यामागेही हेच तत्त्व आहे.

‘चुना वाळला की घट्ट होतो’ हे विधान मात्र अपुरे आहे. केवळ वाळलेला चुना बोटाला लागतो. तो घट्ट होतो ते हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा चुनखडी होताना. या क्रियेला थोडा ओलावा लागतो, म्हणून गवंडी ताज्या गिलाव्यावर काही दिवस पाणी मारतात. हवेत हा वायू ०.०४ टक्क्यांच्या आसपासच असल्याने जाड भिंतीच्या गाभ्यापर्यंत ही क्रिया पोहोचायला अनेक वर्षे लागतात.

जुने वाडे व किल्ले टिकले ते चुन्यात गूळ, बेलफळ असे पदार्थ घातल्यामुळे, असे हमखास सांगितले जाते. हे पदार्थ घातले जात हे खरे. गुळातील साखरेमुळे चुना पाण्यात अधिक विरघळतो व मिश्रण कामाला मऊ राहते. परंतु मुख्य श्रेय त्यांचे नाही. चुना दीर्घकाळ भिजत ठेवणे, घाणीत चांगला मळणे आणि त्यात विटांची भुकटी, म्हणजे सुरखी घालणे यांचे ते आहे. भाजलेल्या मातीतील सिलिका चुन्याशी संयोग पावून पाण्याला दाद न देणारा बंध तयार करते. बैलाने ओढलेल्या चाकाखाली तासन्‌तास मळलेल्या चुन्याचे श्रेय गुळाच्या ढेपेला देणे हा त्या कामगारांवर अन्याय आहे.

हळद, विडा आणि गांधीलमाशी

हळदीत चुना मिसळला की ती लाल होते. पारंपरिक कुंकू या गुणधर्मावरच आधारलेले आहे. हळदीतील कर्क्युमिन हे रंगद्रव्य आम्लात व उदासीन द्रावणात पिवळे, तर अल्कलीत तांबडे दिसते. हळदीच्या डागावर साबण लावताच तो लाल होतो, याचेही कारण तेच. डाग पक्का झाला असे समजून घाबरण्याचे कारण नाही, कारण लिंबू पिळले की तो पुन्हा पिवळा होतो. विड्याचा रंग मात्र हळदीचा नसून काताचा आहे. काताला चुन्याची अल्कता मिळाली की लाल रंग खुलतो.

गांधीलमाशी वा मधमाशी चावल्यावर चुना लावण्याची रीत सर्वत्र आहे. आम्लाचा दाह अल्कलीने शमतो, असे शास्त्रीय वाटणारे समर्थन तिला शालेय पुस्तकांतूनही मिळते. मधमाशीच्या विषाची वेदना प्रामुख्याने प्रथिनजातीय द्रव्यांमुळे होते आणि ते विष कातडीखाली टोचले गेलेले असते. वरून लावलेला चुना तेथवर पोहोचत नाही, उलट कातडी सोलवटतो. काटा राहिला असल्यास तो लगेच काढणे व थंड पाण्याची पट्टी ठेवणे हे अधिक उपयुक्त आहे. श्वास लागू लागला किंवा चेहरा सुजला तर रुग्णालय गाठावे.

मेलेले जनावर पुरताना खड्ड्यात चुना टाकतात तेव्हा तो देह ‘विरघळवतो’ अशी समजूत असते. प्रत्यक्षात चुन्यामुळे कुजणे लांबते. दुर्गंधी व माश्या कमी होतात, हा त्याचा खरा उपयोग.

गव्हाच्या दाण्याएवढा चुना

रोज गव्हाच्या दाण्याएवढा चुना खाल्ल्यास कॅल्शियमची उणीव भरून निघते व अनेक रोग बरे होतात, असा संदेश भ्रमणध्वनीवरून वर्षानुवर्षे फिरत आहे. येथे साधा हिशेब पुरेसा आहे. गव्हाच्या दाण्याएवढा ओला चुना फार तर ५० मिलिग्रॅम भरेल. त्यात बरेच पाणी असते. तो सर्व कोरडा धरला तरी त्यातील कॅल्शियम २७ मिलिग्रॅम होते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने प्रौढ व्यक्तीसाठी दिवसाला १,००० मिलिग्रॅम कॅल्शियमची शिफारस केली आहे. पेलाभर दुधातून याच्या कितीतरी पट कॅल्शियम मिळते, तोंड न भाजता. गरज भागेल इतका चुना खायचा म्हटले तर तोंड, अन्ननलिका व जठर यांना इजा होईल.

अन्नात चुन्याला स्थानच नाही, असे मात्र नव्हे. मेक्सिकोतील लोक हजारो वर्षे मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, धुऊन मग दळतात. त्यामुळे मक्यातील नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला उपलब्ध होते. युरोपने मका नेला पण ही रीत नेली नाही, आणि तेथील मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा या रोगाने ग्रासले.

पाण्यातील चुना

निवळीत नळीने फुंकर मारली की ती दुधाळ होते, हा प्रयोग शाळेत सर्वांनी केलेला असतो. फुंकत राहिल्यास ती पुन्हा स्वच्छ होते, इतका वेळ मात्र थोडेच विद्यार्थी थांबतात. आरंभी न विरघळणारी चुनखडी तयार होते आणि पुढे अधिक वायू मिळाल्यावर तिचे विद्राव्य बायकार्बोनेट होते. चुनखडीच्या प्रदेशातील विहिरींत हेच घडते. पाणी उकळले की क्रिया उलटते व भांड्याच्या तळाशी पांढरा थर बसतो. निवळीचे आणखी एक वैशिष्ट्य असे की साखर वा मीठ यांच्या उलट, चुना गरम पाण्यात कमी विरघळतो. लिटरभर थंड पाण्यात दीड ग्रॅमहून थोडा अधिक, तर उकळत्या पाण्यात त्याच्या निम्म्याहून कमी.

भांड्यातला थर पाहून ‘असेच खडे मूत्रपिंडात होतात’ असा निष्कर्ष काढला जातो. बहुतेक मुतखडे कॅल्शियम ऑक्झॅलेटचे असतात, भांड्यातल्यासारखे कार्बोनेटचे नव्हेत. उन्हाळ्यात पाणी कमी पिणे हे त्यांचे एक मोठे कारण आहे, आणि खडे होतील या भीतीने कठीण पाणी पिणे टाळणारा माणूस नेमका तोच धोका ओढवून घेतो. अन्नातील कॅल्शियम आतड्यातच ऑक्झॅलेटला बांधून ठेवते, म्हणून दूध सोडणेही हितावह नाही.

यवतमाळ जिल्ह्याच्या काही भागांत भूजलातील खरा धोका वेगळा आहे, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. तो म्हणजे फ्लोराइड. त्याच्या अतिरेकाने दातांवर डाग पडतात व पुढे हाडे ताठरतात. पाणी उकळल्याने भांड्यात पांढरा थर जमतो आणि पाणी शुद्ध झाल्यासारखे वाटते, परंतु फ्लोराइड त्यात तसेच राहते. पाणी आटल्याने त्याचे प्रमाण उलट वाढते. ते कमी करण्यासाठी नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने ‘नालगोंडा पद्धत’ विकसित केली. या पद्धतीत पाण्यात तुरटी आणि ठरावीक प्रमाणात चुना घालून ढवळतात, साका खाली बसू देतात व वरचे पाणी गाळून घेतात. फ्लोराइड त्या साक्याबरोबर निघून जाते. तुरटीमुळे पाणी आंबट होऊ नये, हे चुन्याचे त्यातील काम आहे.